वजन उतरवायचं, तर वजन उचला

नव्वद किलोची बाई तिसऱ्या मजल्यावर चढते, तेव्हा प्रत्येक पायरीला ती नव्वद किलो वर नेत असते. साठ किलोच्या तिच्या जावेला एवढं ओझं कधीच वाहावं लागत नाही. वर्षानुवर्षं हा भार पेलून स्थूल बाईच्या मांड्या, पोटऱ्या, नितंब बहुधा सडपातळ बाईपेक्षा ताकदवान झालेले असतात. तिला धाप लागते, कारण अंगावरच्या वजनाच्या मानाने ती ताकद पुरत नाही. या विषयाचं मला वेड लागलं ते इथेच. कारण यातून निघणारी पुढची गोष्ट बायकांना कुणी सांगतच नाही. वजन उतरलं की पायांना न सांगता घडणारा हा व्यायामही संपतो, आणि चरबीबरोबर ती पेलणारे स्नायूही झिजू लागतात. अंगावरून उतरलेला भार थोडाथोडा हातात घ्यावा लागतो.

नाशिकच्या अंबडमध्ये याचा अनुभव घरोघरी आहे. एमआयडीसीत असेंब्लीच्या लाइनवर, पॅकिंगला बसणाऱ्या बाईची बोटं आठ तास भराभर चालतात, बाकीचं शरीर जागेवर असतं. शिफ्ट बदलली की झोप बदलते, झोपेपाठोपाठ खाणं. चाळिशीच्या आसपास ‘शुगर बॉर्डरवर आहे’ असं कळतं आणि ठरलेला उपाय सुरू होतो: रात्रीचं जेवण बंद, डब्यात काकडी आणि पहाटे पांडवलेणीपर्यंत चालणं. काटा उतरतो, मैत्रिणी कौतुक करतात. काही महिन्यांनी तीच बाई जमिनीवरून उठताना हाताचा आधार शोधते. याला मी वजन कमी करणं म्हणायला तयार नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता धरतात. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. पण नुसत्या वजनावर किती विसंबायचं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२!

चालावं की वजन उचलावं, या वादावर अमेरिकेतला २०१७ चा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पासष्टीच्या पुढच्या १६० स्थूल लोकांना घेऊन तो केला होता. खाणं आटोक्यात ठेवून व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचं वजन साधारण ९ टक्के उतरलं. चरबी सोडून बाकीचं वजन, ज्यात स्नायू येतात, ते नुसता चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचं ५ टक्के घटलं, वजन उचलणाऱ्यांचं २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचं ३ टक्के. शारीरिक क्षमतेच्या चाचणीत दोन्ही करणारे सर्वांत पुढे गेले. म्हणजे चालणं सोडू नका, त्याला जोड द्या.

वजन उचलणं आपल्या बायकांचं काम नाही, असं म्हणणाऱ्यांनी मनमाडला जाऊन यावं. नाशिक जिल्ह्यातल्या या रेल्वेच्या गावात जय भवानी व्यायामशाळेतल्या मुली बारबेल उचलतात. तिथल्या आकांक्षा व्यवहारेने ४० किलो गटात राष्ट्रीय युवा विक्रम केले. दुसऱ्या टोकाला चीनची ली वेनवेन. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८७ किलोंवरच्या गटात तिने दोन प्रकारांत मिळून ३२० किलो उचलले. तिच्याकडे पाहिल्यावर जाड म्हणजे दुबळी हा समज मनात राहत नाही.

आणि पांडवलेणीला जाताच आहात, तर लेणं क्रमांक ३ समोर जरा थांबा. ओसरीच्या खाली सहा धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया घेऊन आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणं भिक्षूंना दिलं, तसा कोरीव लेख तिथे आहे. एका आजीने दिलेल्या लेण्याचा भार असल्या भरदार अंगांवर आहे, हे मला फार आवडतं. चढून दमलेल्या बायकांना मी ते यक्ष हमखास दाखवते.

आता माझा सर्वांत लाडका व्यायाम. सिडकोतल्या एका वहिनींना जिमची फी परवडत नव्हती, म्हणून आम्ही गॅसची टाकी घेतली. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, साधारण पंधरा-सोळा किलो. भरलेलीत १४.२ किलो गॅसची भर. टाकी दोन पावलांच्या मध्ये ठेवायची. पोट मोठं असेल तर पाय आणखी फाकायचे, म्हणजे वाकताना पोटाला जागा मिळते. हे पुस्तकांत क्वचितच सांगतात. नितंब मागे न्यायचे, पाठ सरळ ठेवायची, दोन्ही हातांनी वरची कडी धरायची आणि टाचा जमिनीत रोवून उभं राहायचं. कडी गुडघ्याच्या वर येते, त्यामुळे जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही. वहिनींनी पहिल्यांदा विचारलं, “ताई, पाठ धरणार नाही ना?” मी म्हटलं, “रिकामीच उचला, आणि उचलताना श्वास सोडा.” बीपी असलेल्यांनी तर श्वास कोंडायचाच नाही. आठ-दहा वेळा सहज जमू लागलं की भार वाढवायचा, आणि इथेच बहुतेक जणी कच खातात. तेच दोन किलोचे गुलाबी डंबेल वर्षभर हलवून स्नायू टिकत नाहीत. सोबत खुर्चीवर बसून हात न लावता उठणं आणि ओट्याला हात टेकून दंड. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरुवात करा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खाण्याबद्दल एवढंच, की उपाशी राहू नका. वजन उतरवताना दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं हवीत, मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास असतात, एका अंड्यात सहा. नाशिककराला मटकी आवडीने खा म्हणून सांगावं लागत नाही, फक्त मिसळीतली तर्री आणि पाव कमी करा. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ.

२०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ती घेणाऱ्या बाईची भूक मरते, प्रथिनंही पोटात कमी जातात, म्हणून तिला टाकी उचलण्याची गरज इतरांपेक्षा जास्त. इंजेक्शन घ्या वा न घ्या, दर महिन्याला काट्यावर उभं राहाल, तेव्हा आणखी दोन आकडे वहीत लिहा: कंबर किती सेंटीमीटर, आणि तीस सेकंदांत खुर्चीतून हात न लावता किती वेळा उठता आलं. कंबर उतरत असेल आणि उठण्याचा आकडा चढत असेल, तर काटा महिनाभर अडला तरी आहार आणखी कमी करू नका.