न्यायमूर्तींचा जुना पक्ष: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची शिफारस केली. अजित कडेठाणकर आणि सुशील घोडेश्वर यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गदारोळ उठला तो आरती साठे यांच्यावरून, कारण २०२३ मध्ये त्या प्रदेश भाजपच्या प्रवक्त्या झाल्या होत्या. शरद पवार गटाचे आमदार रोहित पवार यांनी आक्षेप घेतला. साठेंनी जानेवारी २०२४ मध्येच पक्षाचा राजीनामा दिलाय, असं भाजपचं उत्तर आलं. ऑगस्टमध्ये तिघांचीही नेमणूक झाली. या धुरळ्यात काही गैरसमज मात्र पक्के होऊन बसले.

पहिला: सरकारनं आपलं माणूस नेमलं. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासून शिफारस न्यायाधीशांचं कॉलेजियम करतं. या वेळी त्याचे प्रमुख होते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई. त्यांचे वडील रा. सू. गवई भाजपचे नव्हे, रिपब्लिकन पक्षाचे नेते होते.

दुसरा: पक्षात राहिलेल्याला न्यायाधीश होता येत नाही. राज्यघटनेचं कलम २१७ वाचा. भारतीय नागरिकत्व आणि दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक पद, एवढंच ते मागतं. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. इंदिरा गांधींनी आपली निवडणूक रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला त्यांच्याकडे पूर्ण स्थगिती मागितली, तेव्हा २४ जून १९७५ ला अय्यर यांनी ती सशर्तच दिली: पंतप्रधानपदी राहा, सभागृहात बसा, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. उलटं उदाहरणही आहे. बहारुल इस्लाम काँग्रेसची राज्यसभेची खासदारकी सोडून १९७२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये तिथला राजीनामा देऊन परत काँग्रेसकडून राज्यसभेत. तेव्हा ‘असं आजवर कधी झालंच नव्हतं’ हे काँग्रेसवाल्यांनी तरी म्हणू नये.

तिसरा: राजीनामा दिला, विषय संपला. पक्ष सोडणं आणि न्यायासन यांत किती काळ जावा, याचा नियमच नाही. म्हणून प्रश्न विचारणं गैर ठरत नाही. राहुल गांधींच्या बदनामीच्या प्रकरणात २०२३ मध्ये गवईंनी आपल्या घराण्याचे काँग्रेसशी असलेले संबंध आधीच दोन्ही बाजूंना सांगितले होते. ही रीत साऱ्यांनाच लागू व्हायला हवी.

चौथा: कोर्टात जाऊन नेमणूक रोखता येते. मद्रास उच्च न्यायालयात नेमलेल्या, पूर्वी भाजपमध्ये असलेल्या व्हिक्टोरिया गौरींच्या वेळी, ७ फेब्रुवारी २०२३ ला, तो प्रयत्न झाला. सर्वोच्च न्यायालयानं याचिका फेटाळली आणि त्याच दिवशी त्यांचा शपथविधी झाला. पात्रता तपासू, योग्यता ठरवणं कॉलेजियमचं काम, हा त्यामागचा युक्तिवाद.

खरं दुखणं वेगळंच आहे. मुंबई उच्च न्यायालयासाठीच सुचवलेले वकील सोमशेखर सुंदरेसन यांनी समाजमाध्यमांवर मतं मांडली म्हणून सरकारनं त्यांचं नाव परत पाठवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं ते पुन्हा पाठवलं, नेमणूक व्हायला नोव्हेंबर उजाडला. मद्राससाठी सुचवलेले वकील जॉन सत्यन यांच्यावरचा एक आक्षेप तर पंतप्रधानांवर टीका करणारा लेख शेअर केल्याचा होता. गौरींची शपथ झाली, सत्यन यांचं नाव मागेच राहिलं. नाव दुसऱ्यांदा आलं की सरकारवर ते बंधनकारक असतं, पण सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये घालून दिलेली तीन-चार आठवड्यांची मुदत पाळली गेली नाही.