तुळईच्या तळाला कार्बनची पट्टी

भार आला की तुळई वाकते, तिच्या वरच्या भागावर दाब आणि खालच्या भागावर ताण येतो; काँक्रीट दाब समर्थपणे पेलत असले तरी ताणाने लवकर तडकते, म्हणून हा ताण पोलादी सळया घेतात आणि त्या गंजल्या वा तुटल्या की तुळई दुबळी होते. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नजवळच्या ईबाख पुलावर वाहतूक-दिव्यांसाठी छिद्र पाडताना पूर्वताणित, म्हणजे आधीच ताणून बसवलेल्या, तारांच्या जुडग्यातील काही तारा तुटल्या, तेव्हा १९९१ मध्ये कार्बन तंतूंच्या पट्ट्या इपॉक्सी या रासायनिक गोंदाने पुलाच्या तळाला चिकटवण्यात आल्या. त्यासाठी जेमतेम ६.२ किलो पट्ट्या लागल्या; पोलादी पत्र्यांचे वजन १७५ किलो भरले असते, आणि ते उंचावर उलट्या बाजूने धरून चिकटवावे लागले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे खरे मोल कळते. मात्र सगळी मदार चिकटीवर असते: पृष्ठभागावरचा सिमेंटचा कच्चा थर घासून आतली खडी उघडी केली नाही, तर पट्टी सुटते, तीही बहुधा पूर्वसूचना न देता. गंजलेल्या सळया तशाच ठेवून वरून पट्टी चिकटवणे तर सर्वथा गैर, कारण फुगणारा गंज आवरणाचे काँक्रीट ढकलतो आणि पट्टी त्यासकट निखळते.