एकाच घरात लुगडं आणि लेगिंग्ज: नांदेड-लातूरमध्ये कपड्यांचा खर्च कोण ठरवतं?

लातूरच्या गंजगोलाईत दिवाळीआधी एखादं कुटुंब खरेदीला आलं, की त्यांचं एका दुकानात भागत नाही. आजीला लुगडं पाहिजे, आईला सहावारी, मुलीला कुर्ती-लेगिंग्ज, मुलाला जीन्स. आजोबांचं धोतर तर शोधत फिरावं लागतं.

म्हणजे काय घ्यायचं, हे वय ठरवतं. पण कितीचं घ्यायचं?

ते बऱ्याचदा सोयाबीन ठरवतं. दोन्ही जिल्ह्यांत खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा. काढणी दसऱ्याच्या आगेमागे होते आणि तोच पैसा दिवाळीला बाजारात येतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातली पिकं पाण्यात गेली. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, पण विकायला माल तर पाहिजे! अशा वर्षी मोठी माणसं जुन्यावर भागवतात, लेकरांना मात्र एक तरी नवा जोड घेतात.

नांदेड शहराचं गणित थोडं वेगळं आहे. एकेकाळी इथल्या उस्मानशाही मिलमध्येच कापड बनायचं. ती मिल बंद पडली, तरी कपड्याला गिऱ्हाईक भरपूर आहे. मुस्लिम लोकसंख्या मोठी असल्याने रमजान हा दिवाळीसारखाच सीझन असतो. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, त्यामुळे दुकानदाराला माल भरायचं वेळापत्रकही सरकवावं लागतं. बौद्ध वस्त्यांमध्ये १४ एप्रिलच्या आधी पांढऱ्या कपड्यांना मागणी असते. हुजूर साहिबला येणारे शीख भाविक हे आणखी वेगळं गिऱ्हाईक.

लातूरला ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची पोरं शिकायला येतात. घरचा पैसा क्लासची फी, रूम आणि मेसमध्येच संपतो, कपड्यांना उरतो थोडाच. त्यात नीटच्या परीक्षेला फुल बाह्या आणि बूट चालत नाहीत, म्हणजे हाफ बाह्यांचा साधा शर्ट आणि चप्पल लागतेच.

मग मोठा खर्च होतो कुठे? तर बस्त्यात.

नवरीचा शालू, नवरदेवाची शेरवानी इथपर्यंत ठीक. पण खरा आकडा फुगतो मानपानाच्या साड्या, फेटे आणि टॉवेल-टोपीने. किती साड्या लागणार, हे कमाईवर नाही, भावकी केवढी आहे त्यावर ठरतं. म्हणून एरवी दोन जोडांवर वर्ष काढणारं घरही बस्त्यासाठी उसनवारी करतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. रोजच्या शर्ट-पँटला त्याचा फायदा, महागड्या शेरवानीला फटका.

मानपानाच्या साड्यांचं मात्र वेगळंच असतं. त्यातल्या कितीतरी साड्यांची घडीही मोडत नाही. त्या कपाटात राहतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी आहेरात जातात.