गारगोटीच्या पोटातली पाती

कोपरगावला गोदावरीच्या पात्रात गारगोट्या मिळतात. आपला काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात राहिलेल्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिलं आणि अकीक, कॅल्सेडनी तयार झाली. खडक झिजून माती झाला, हे चिवट दगड मात्र उरले. कोपरगावच्या दक्षिणेला, प्रवरेकाठी जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे इथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी अशाच दगडातून पाती काढली. जोर्व्याला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. तांबं माहीत असूनही रोजच्या कापाकापीला तिथे दगडच होता.

तशीच पाती आज जुन्या रीतीने काढायला बसलं, की त्या लोकांची खरी हुशारी कळते. दगड आधी ठोकून ऐकायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत भेग आहे. मग एका कडेवर, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून छिलके उडवत न्यायचे. त्यातून नागमोडी कणा उभा राहतो. आता वरच्या टोकाला शिंगाचं किंवा तांब्याचं टोक टेकवून नेमका दाब द्यायचा. कॅल्सेडनीचे कण इतके बारीक असतात की ती ठरावीक पापुद्र्याने फुटत नाही. भेग उंचवट्याच्या मागोमाग धावते. कण्यासकट पहिलं पातं सुटतं, मागे दोन सरळ कडा उरतात आणि पुढची पाती त्या कडांवरून निघतात. मध्य प्रदेशातल्या महेश्वरच्या अवशेषांवरून पुरातत्त्वज्ञ बी. सुब्बराव यांनी १९५५ मध्ये हे तंत्र मांडलं. मला वाटतं, संग्रहालयात देखण्या पात्यांइतकाच मान त्या कण्याच्या ओबडधोबड तुकड्यालाही मिळावा. सगळं डोकं तिथेच खर्ची पडलेलं असतं.

दगड घडवण्याआधी तापवण्याचीही रीत आहे. गुजरातमधल्या खंबायतचे कारागीर अकीक मडक्यात घालून मंद आचेवर तापवतात. त्यामुळे तो घडवायला सोपा जातो.

सुटं पातं मात्र बोटांत धरून फार काम होत नाही. दांड्याच्या खाचेत अशी पाती डिंकाने किंवा राळेने ओळीने बसवली, की विळा होतो. एक मोडलं तर तेवढंच बदलायचं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासींची भालाफेकीची काठी याच जातीची. भाल्याच्या मागच्या टोकात अडकवून ती हाताची लांबी वाढवते, आणि तिच्या मुठीला राळेने बसवलेल्या दगडी छिलक्याने लाकूडही तासता येतं.

नव्या विळ्याने गवत कापत राहिलं, की गवतातल्या सिलिकेमुळे धारेवर चकाकी चढते. ती सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या पात्याशी ताडून पाहता येते.

हे करून पाहणाऱ्यांनी चष्मा लावावा, उघड्यावर बसावं. खंबायतला अकीकच्या धुळीने कित्येक कारागिरांची फुफ्फुसं निकामी केली आहेत. नव्या पात्यावर साल कोरावं आणि छिलके गोळा करून न्यावेत. नदीकाठी ते तसेच टाकले, तर उद्याचा संशोधक त्यांना ताम्रपाषाणयुगातले समजेल.