फळीवरचा हिशेब आणि वाणिज्याचे शिक्षण

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने व्यवहार प्रत्यक्ष कामातून, गटाने शिकावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात असे काम शोधावयास दूर जावे लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्कास मान्यता दिली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार २०११ मध्ये ग्रामसभेकडे आला. विक्री, करार, मजुरी व जमाखर्च ही कामे त्यासोबतच आली.

अशा कामात विद्यार्थ्यांच्या गटापुढील पहिला प्रश्न गणिताचा नसून भाषेचा असतो. तेंदूपत्त्याच्या फळीवर मोजणी पुड्यांची होते. करारातील भाव मात्र गोणीचा. पुडा ७० पानांचा आणि प्रमाण गोणी १००० पुड्यांची. तेव्हा शंभर पुडे देणाऱ्या बाईस गोणीच्या भावाचा दहावा हिस्सा मिळावयास हवा. हे तिला गोंडीत वा माडियात, तिच्याच मापाने सांगता आले नाही, तर ताळेबंद बिनचूक असूनही व्यर्थ होय. ‘अनामत’, ‘हप्ता’, ‘तूट’ या शब्दांचेही तसेच.

मेंढ्याची रीत येथे मार्गदर्शक ठरावी. तेथे अभ्यासगट विषयाची छाननी करतो. निर्णय ग्रामसभा सर्वसंमतीने घेते. विद्यार्थ्यांनीही पर्याय मांडून थांबावे. त्यांचा हिशेब गावकऱ्यांना स्वतः तपासता येतो काय, हीच त्यांची खरी परीक्षा होय.