बुलेटच्या इंजिनातील तेलदाब
तेलदाब म्हणजे वंगणतेल इंजिनाच्या फिरत्या भागांपर्यंत पोहोचवणारा, पंपाने निर्माण केलेला दाब होय. १९५५ पासून मद्रास (आता चेन्नई) येथे तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या, लोखंडी सिलिंडरच्या इंजिनात दाबमापक नसतो. त्यामुळे घरी जोडणी केल्यावर तेलाचा प्रवाह प्रत्यक्ष पाहावा लागतो.

पंपात व नळ्यांत हवा अडकणे, टायमिंग कव्हरच्या गॅस्केटने किंवा जास्तीच्या सीलंटने तेलाची छिद्रे बुजणे ही दाब न मिळण्याची प्रमुख कारणे आहेत. म्हणून पंप तेलाने भरून, स्पार्क प्लग काढून इंजिन किकने फिरवतात. नंतर मंद गतीवर रॉकरच्या तेलनळीचा बोल्ट किंचित सैल करतात. तेल न पाझरल्यास इंजिन तत्काळ बंद करून कव्हर पुन्हा उघडतात. अन्यथा बिग एंड बेअरिंग जाम होऊन सारी जोडणी वाया जाते.