यंत्र अंगणात, वीज घरात

पावसाळ्यात कोकणात वीज गेली तर त्यात नवल ते काय! एखादी फांदी तारांवर पडते आणि दोन-दोन दिवस गाव अंधारात राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड जिल्ह्यातील कितीतरी गावांना याहून फार मोठा काळ विजेवाचून काढावा लागला. अशा वेळी कोणी भाड्याने, कोणी विकत, पेट्रोलवर चालणारा लहानसा जनरेटर घरी आणतात. तुमच्या पुस्तकातले जनित्र ते हेच. वेटोळे आणि चुंबक यांची एकमेकांसापेक्ष हालचाल झाली की वीज निर्माण होते, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध तुम्ही शिकला आहातच. म्हणून जनित्र कसे चालते ते आज सांगत नाही. ते ठेवावे कोठे आणि घराला जोडावे कसे, एवढेच पाहू या.

काही वर्षांपूर्वी भर आषाढात मी मावशीच्या गावी गेलो होतो. दोन दिवस वीज नव्हती. मावसभावाने एक जनित्र भाड्याने आणून मागच्या पडवीत ठेवले होते. पाणी आणि वीज यांची गाठ पडू नये, हा त्याचा विचार बरोबरच होता. पण पडवीला पावसासाठी ताडपत्री बांधलेली होती. मावशी माजघरात पडून होती. डोके ठणकत होते, मळमळत होते. “जागरणाने पित्त झाले असेल रे,” ती म्हणाली. खरे सांगतो, वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मलाही प्रथम काही शंका आली नाही. मी चहा घेत गप्पा मारत बसलो. अर्ध्या तासाने माझेही डोके जड झाले, तेव्हा कोठे प्रकाश पडला!

पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतात. जळताना प्राणवायू भरपूर मिळाला तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. इंजिनात मात्र ज्वलन घाईघाईचे असते, हवा अपुरी पडते आणि काही कार्बनचे ज्वलन अर्ध्यावरच थांबते. त्यातून तयार होतो तो कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर पदार्थांचा. वास नाही म्हणजे हा वायू नाही, असे समजू नका. श्वासातून तो रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. प्राणवायूपेक्षा त्याची ही ओढ दोनशेहून अधिक पटींनी जास्त आहे. मग प्राणवायू वाहून नेणार कोण? त्याचा रेणुभार २८, हवेचा सरासरी २९. म्हणजे तो खाली बसत नाही की छताला जात नाही, सगळ्या घरात मिसळून जातो. पूर्वी इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून नेत, कारण या वायूचा परिणाम त्या चिमुकल्या पक्ष्यावर माणसाच्या आधी दिसे. १९८६ साली ही प्रथा बंद झाली आणि तेथे उपकरणे आली.

घरातल्या सर्वांनाच एकदम डोकेदुखी व्हावी आणि मोकळ्यावर गेल्यावर ती उतरावी, ही याची मोठी खूण. अशा वेळी गोळी शोधत बसू नका. सर्वांना आधी बाहेर काढा, मग डॉक्टरांकडे न्या, आणि घरात जनित्र चालू होते हे त्यांना आवर्जून सांगा. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही, सर्वांत मोठा धोका तोच. आम्ही मावशीला धरून अंगणात आणले, जनित्र बंद केले आणि रिक्षाने दवाखाना गाठला. नुसती खिडकी उघडून भागत नाही. अमेरिकेत अशा यंत्रांसाठी घरापासून निदान २० फूट अंतर सांगितले जाते, आणि धुराची नळी दारा-खिडक्यांकडे नको. यंत्र गरम असताना त्यात पेट्रोल ओतू नये, हे तर तुम्हीही सांगाल.

संध्याकाळी मावशीला बरे वाटले. भाऊ दोन्ही टोकांना प्लग लावलेली एक वायर घेऊन आला. एक टोक जनित्रात, दुसरे भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की सारे घर उजळणार! प्रथम हे पाहा, की यातला एक प्लग निसटला तर त्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. पण खरी भीती पुढेच आहे. घरातली वीज मीटरमधून उलट रस्त्यावरच्या तारांत जाते आणि तेथून रोहित्रात. रोहित्र ११,००० व्होल्टचे २३० करते, कारण त्याच्या एका वेटोळ्याला दुसऱ्याच्या चाळीसहून अधिक पट वेढे असतात. बिचाऱ्याला उलटसुलट कळत नाही. २३० व्होल्ट मागून दिले की पुढे हजारो व्होल्ट! कोणी म्हणेल, एवढ्याशा यंत्रावर गावाचा भार पडला तर ते बंदच पडेल. पडेलही. पण तार जवळच तुटलेली असेल तर भार पडतच नाही, आणि तेथेच तर वायरमन काम करीत असतो.

“दादा, मेन स्विच मी आठवणीने बंद करतो,” भाऊ म्हणाला. मी मीटरपाशी जाऊन पाहिले. स्विच चालू होता, आणि वळणावरच्या खांबावर वायरमन चढलेला दिसत होता.

म्हणून आठवणीवर विसंबायचे नाही. चेंजओव्हर स्विच नावाची वस्तू मिळते. तिचा दांडा एकीकडे केला की बाहेरची वीज, दुसरीकडे केला की जनित्राची. दोन्ही एकदम जोडणे शक्यच नसते. ती परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावी. त्या दिवशी ती नव्हती. मग यंत्र विहिरीपलीकडच्या, चारी बाजूंनी उघड्या छपराखाली फळीवर ठेवले आणि तेथून एका धड, जाड वायरने दोन दिवे व फ्रिज थेट जोडले. भिंतीतल्या सॉकेटला हात लावला नाही.

भावाला पंपही लावायचा होता. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३७३ वॅट, यंत्र तर हजाराचे, मग अडचण काय? अडचण अशी, की मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्याने लावून पाहिलाच. यंत्र घुरघुरले, दिवे मिणमिणले आणि सारे बंद पडले. मग आम्ही दोघांनी रहाटाने पाणी काढले.